दोन घरांची एक चूल

पुष्पावतीबाईंचं पत्र अडीच महिने माझ्या पंचांगात पडून होतं. निळं अंतर्देशीय, भिंगारच्या शिक्क्याचं. चौतीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं. मायना कुठे, ताजा कलम कुठे, सगळं फळ्यावर आखून दिलं. आणि मला स्वतःला एका साध्या प्रश्नाचं उत्तर लिहिता येत नव्हतं.

बाई ग्रामसेविका होत्या. दिवाळीच्या सुमारास त्या आमच्या पारवाडीत येऊन बिनधुराच्या, कमी जळणाच्या चुलीची एक पुस्तिका माझ्याकडे ठेवून गेल्या, कारण पुस्तक घ्यायला हात पुढे करणारा वाडीत मी एकटाच होतो. पौषात त्यांचं पत्र आलं. ‘गुरुजी, मी नऊ गावांत चाळीसेक चुली घातल्या. आठवड्याच्या आत बायका त्या फोडून टाकतात. धूर उलटा येतो म्हणतात. मी असते तेव्हा तर येत नाही. तुमच्याकडची चूल चालते का? चालत असेल तर का, आणि नसेल तर का, एवढं कळवा. मला दुसरं कोणी सांगत नाही.’

आमची चालली नव्हती. मापं मी वाचून दाखवली होती, माती माझ्या भाचेसुनेनं, चांगुणानं, मळली होती. तीन दिवस चूल झकास चालली. चौथ्या दिवशी घरभर धूर झाला आणि सहाव्या दिवशी तिनंच ती फोडली. चूक पुस्तिकेची असेल तर बाईंचं मन मोडायचं, माझी असेल तर मला ती सापडत नव्हती. मी पत्र पंचांगात घातलं आणि रोज तिथी बघताना ते बाजूला सारत राहिलो.

माझी बायको गेल्यापासून मी धाकट्या बहिणीकडे, रंगुबाईकडे, राहतो. तिचा मुलगा सूर्यभान त्या साली बैलजोडी घेऊन श्रीरामपूरकडच्या छावणीवर गेला होता. दुसरं वर्ष पावसानं दगा दिला होता. घरात उरलो मी, रंगुबाई, चांगुणा आणि तिची दीड वर्षाची मुलगी. चांगुणा सकाळी मिरजगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. तिथून दिवस कलताना सुटली की जळण शोधत माळावर जायची. जनावरं छावणीला गेल्यावर शेण नाही, शेण नाही म्हणून गोवरी नाही. तरवडाच्या काटक्या, घायपाताची वाळकी बुडखी, जे मिळेल ते डोक्यावर घेऊन ती यायची. हातोड्यानं तळहाताला आलेले फोड त्या काट्यांनी फुटायचे. ती चुलीसमोर बसून ते मिठाच्या पाण्यात बुडवायची.

ओढ्याच्या काठाला आमच्या आणि भिमाजीच्या सामाईक बांधावर सतरा बाभळी होत्या. भिमाजी सूर्यभानचा थोरला चुलत भाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारा. बांधाच्या पाण्यावरून दोन वर्षांपूर्वी भांडण झालं, तेव्हापासून त्याची बायको कडूबाई आणि आमची चांगुणा एकमेकींशी बोलत नव्हत्या. चैत्र लागता लागता एका सकाळी भिमाजी कुऱ्हाड खांद्यावर टाकून बांधावर गेला. चांगुणा खडीवर निघाली होती, ती टोपलं घेऊन तशीच वळली. मी मागोमाग गेलो. घरातला पुरुष म्हणून मी बोलायला हवं होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवली, बांधावर पोचल्यावर त्यातलं एक आठवेना.

चांगुणानं पदर पुढे ओढला आणि एका बाभळीला पाठ लावून उभी राहिली.

“भाऊजी, ह्या नगा तोडू.”

“का? निम्म्या माझ्या हायेत.”

“समद्याच घ्या लाकडासाठी, मग शेळ्यांनी खायाचं काय? शेंगा आता कुठं गळायला लागल्यात.”

“शेळ्या इक.”

“शेळ्या इकल्या तर पोरीला दूद कुठलं?”

भिमाजी वाईट माणूस नव्हता. त्यानं कुऱ्हाड खाली टेकवली. “चांगुना, माझ्या घरी काल औताचं जू जाळलं. पाऊस पडला तर मी काय खांद्यावर जू घेऊ? तुजी पोर हाय, तशी माज्या घरी चार तोंडं हायेत. कच्चं पीठ खात्यात का ती?”

चांगुणानं टेकवलेल्या कुऱ्हाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, “तुमी माळावरनं चार मोळ्या आना. आमी चार आनतो. आठ मोळ्यांवर आठ दिस दोनी घरं जेवतील. एकाच चुलीवर.”

“आठ मोळ्या तर चार दिसांत जात्यात.”

“मास्तरची चूल घालते. आठ दिसांच्या आत मोळ्या संपल्या तर कुऱ्हाड तुमची, बाभळी तुमच्या. पुरल्या तर पुन्हा ह्या झाडांचं नाव काढायचं न्हाई.”

भिमाजी माझ्याकडे वळून म्हणाला, “काय गुरुजी, तीच का? पौषात घरातनं बाहेर पळाला होता ती?”

“तीच,” मी म्हणालो. आवाज मलाच ऐकू आला नाही.

घरी येताना मी चांगुणाला म्हटलं, “अगं, ती चालत नाही. तुला माहीत आहे.”

“तीन दिस तर चालली हुती ना, मामा? जी तीन दिस चालती ती आठ दिस का चालू नये?”

घरी पोचल्यावर मी पुस्तिका शोधून काढली.

तिनं दोन दिवस खडीवर खाडा केला. तळ्याच्या कोरड्या पोटातली चिकणमाती, बारीक भुसकट आणि शेळ्यांच्या लेंड्या एकत्र करून पायानं तुडवल्या. मी ओट्यावर बसून पुस्तिकेतून मापं वाचत होतो. एका ओळीत दोन तोंडं, पुढचं तव्याला, मागचं पातेल्याला. दोन्हींच्या मधे जमिनीलगत वाट, पाच बोटं रुंद. पुढच्या जाळाची धग त्या वाटेनं मागच्या पातेल्याखाली जायची आणि मगच धूर भिंतीतून बाहेर. धुराडं बुडं फोडलेल्या गाडग्यांचं, एकावर एक चढवलेलं. वाडीत फुटक्या गाडग्यांना तोटा नव्हता, पाणीच नव्हतं तर गाडगी कशाला लागणार होती?

चूल वाळली. आठ मोळ्या अंगणात भिमाजीच्या दारातून दिसतील अशा रचल्या. पहिल्या सकाळी कडूबाई पिठाची परात घेऊन आली आणि उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसली.

“आत या, थोरल्या बाई,” चांगुणा म्हणाली.

“मी हितंच बरी हाय. धूर आला की पळायला सोपं.”

धूर आला नाही. जाळ आत ओढला गेला, मागच्या पातेल्यातलं पाणी सळसळायला लागलं आणि बाहेर गाडग्यांच्या तोंडातून करडी रेघ वर गेली. तव्यावर मात्र चांगुणाची भाकरी तिसऱ्यांदा फाटली. रेशनवर त्या साली परदेशातून आलेला लाल मिलो जोंधळा मिळायचा. त्याच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. थापलं की कडा तुटायच्या. कडूबाईनं मान वळवून एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

“थंड्या पान्यानं मळती का काय?” ती शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “मागं उकळतंय ते पानी वत. पीठ उकडून घे. दोन वरसं बोलनं टाकलं, तर सैपाक बी इसरली.”

चांगुणानं उकळतं पाणी ओतलं. भाकरी अखंड उतरली. तरी त्या दिवशी कडूबाईनं आपल्या भाकऱ्या वेगळ्या थापल्या, आमच्या संपल्यावर, तवा निवल्यावर पुन्हा तापवून. तीन दिवस असंच चाललं. तीन दिवसांत अडीच मोळ्या गेल्या. मला झोप लागायला लागली.

चौथ्या दिवशी धूर आला.

आधी थोडाच. पुढच्या तोंडातून एक जीभ बाहेर आली आणि चांगुणाच्या पापण्यांवरून गेली. दुपारपर्यंत ओट्यावरही बसवेना. जाळ मागे जाईना, पातेलं गार राहिलं, म्हणून जास्त काटक्या सारल्या, तसा धूर वाढला. त्या दिवशी दीड मोळी गेली. पाचव्या दिवशी दोन. पोरीचे डोळे सुजले. कडूबाई नाकाला पदर लावून उंबऱ्यावर बसली होती, पण बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मी पुस्तिका पुन्हा वाचली, पहिल्या पानापासून, मुद्रकाच्या नावापर्यंत. धुराडं तुंबलं असेल, असं एका ठिकाणी होतं. मी शिडी मागायला भिमाजीकडे गेलो. तो अंगणात कुऱ्हाडीला धार लावत होता. दगडावर पातं फिरवण्याचा तो आवाज दिवसभर आमच्या घरात येत असे. त्यानं शिडी आणली आणि स्वतः धरलीही. चौसष्टाव्या वर्षी मी धाब्यावर चढलो, गाडग्यांत बांबू घातला. बांबू सरळ खाली गेला. काजळी माझ्या डोळ्यांत, धोतरावर, टोपीवर. धुराडं स्वच्छ होतं.

“सापडलं का?” खालून भिमाजीनं विचारलं.

“नाही.”

“मग ते पुस्तक खाली टाका, गुरुजी. दोन भाकऱ्या तरी व्हतील त्येच्यावर.”

आळीतले दोघं-चौघं हसले. मी शिडीवरून उतरताना एक पायरी चुकलो, त्यानंच मला कमरेला धरून खाली घेतलं. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

सहाव्या दिवशी मी तांबडं फुटायच्या आधी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसलो. काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. रंगुबाई चुलीपुढे बसली होती. तिची नजर अधू झाल्यापासून घरातलं दुसरं काम तिच्याकडे उरलं नव्हतं, पण चुलीला पोतेरा देणं तिनं कोणाला देऊ केलं नव्हतं. वाटीत पांढऱ्या मातीचा पातळ काला, त्यात फडकं. तिनं चुलीचे काठ पुसले, कडा गुळगुळीत केल्या. मग बाळाचं तोंड धुवावं तसा हात आत घातला आणि दोन तोंडांमधली ती वाटही, वर, खाली, दोन्ही अंगांनी सारवली. चेहरा प्रसन्न होता. चाळीस वर्षं ती हेच करत होती. पोतेरा न देता चूल पेटवायची नाही, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सगळ्या वाडीतल्या बायकांना त्यांच्या सासवांनी.

रोज एक थर.

“रंगू,” मी म्हणालो, “ते आतलं...”

“काय आतलं, दादा?”

“काही नाही.”

खरंच मी एवढंच म्हणालो. बहिणीला स्वयंपाकघरातलं काही सांगायची माझी प्राज्ञा नव्हती, आणि तिच्या हातात उरलेलं एकच काम. मी ओट्यावर येऊन बसलो. चांगुणानं चूल पेटवली. अर्धी मोळी जळली, घर धुरानं भरलं, पोर रडायला लागली आणि कडूबाई कच्च्या गोळ्यांची परात उचलून उठली.

“बास झालं बया. झाडं तोडा, चूल तोडा, काय करायचं ते करा.”

ती अंगणात पोचली तेव्हा मी आत गेलो. कसा गेलो मला सांगता येत नाही. चांगुणाला म्हणालो, “जाळ ओढ बाहेर.” तिनं ओढला. चूल थोडी निवेपर्यंत मी वाट बघितली, मग बाही वर करून पुढच्या तोंडात हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी चुलीत हात घातला होता. वाट पाच बोटांची होती. माझी तीन बोटं गेली आणि अडकली.

“दादा, काय करता हे? भाजंल,” रंगुबाई म्हणाली.

“रंगू, ही वाट बुजली आहे. तुझ्या पोतेऱ्यानं. रोज थोडी थोडी.”

कडूबाई अंगणातून परत दाराशी आली होती. रंगुबाईनं आपले दोन्ही तळवे वर करून डोळ्यांजवळ नेले.

“म्हंजी माज्या हातानं बाभळी पडायच्या हुत्या व्हय?” तिनं हळूच विचारलं.

“हात चांगलाच आहे गं,” मी म्हणालो. “मीच सांगायला हवं होतं. पुस्तिकेत हे लिहिलेलं नाही.”

ती उठली, कोनाड्यातलं खुरपं घेतलं आणि चुलीपुढे मांडी घातली. कोणाला हात लावू दिला नाही. आत खरवडत गेली आणि मातीचे पापुद्रे बाहेर येऊन पडले, नखाएवढे जाड, भाजून पक्के झालेले. चांगुणानं एक तुकडा मोडून बघितला. आत थरावर थर. तिनं बोटानं मोजले. सहा दिवस, सहा थर.

वाट मोकळी झाल्यावर तिनं दोनच काटक्या लावल्या. जाळ वाकला, गुपचूप आत गेला आणि मागच्या तोंडातून त्याचं टोक वर आलं.

“आता गं बया,” कडूबाई म्हणाली आणि परातीसकट आत येऊन बसली. आतापर्यंत चांगुणा चुलीपाशी असताना ती आत बसली नव्हती.

पण रंगुबाईनं खुरपं खाली ठेवलं नव्हतं. “एक सांगते. पोतेऱ्याबिगर मी चूल पेटवू द्यायची न्हाई. मग झाडं जावोत का ऱ्हावोत.”

“द्या की,” चांगुणा म्हणाली. “आत नगा देऊ.”

“आत उघडी ठिवू? परकराबिगर पोरगी ठेवल्यावानी?”

कडूबाई रंगुबाईला म्हणाली, “नानी, आत बी द्या. दिल्यावर हात घालून बघायचा. जात न्हाई तर खरवडायचं.”

“मी रोजच घालते की हात. आज सकाळी बी गेला.”

“तुमचा जाईल. तुमच्या हातात काय हाय?”

शब्द बोलून गेल्यावर तिलाच ते जाणवलं. विधवेच्या मोकळ्या मनगटाबद्दल असं तोंडावर कोणी बोलत नाही. चांगुणानं तव्यावरची नजर उचलली नाही. रंगुबाई आपल्या काटकुळ्या मनगटाकडे बघून म्हणाली, “खरं हाय की. ह्या हाताचं माप धरलं म्हनून तर बुजली. तुजा घाल. तुजा भरलेला हाय.”

कडूबाईनं कोपरापर्यंत हात आत सारला. डझनभर हिरव्या बांगड्या वाटेतून न खळखळता पलीकडे गेल्या.

“हे माप,” ती म्हणाली. “बांगड्या वाजल्या की खरवडायचं. उद्यापास्नं मी सकाळी येते.”

मोळ्या दीड उरल्या होत्या आणि दिवस अजून अडीच. जुन्या हिशेबानं पुरणार नव्हत्या. त्या दुपारी कडूबाईनं दोन पराती एकीजवळ एक ओढल्या. एकीनं थापायचं, एकीनं भाजायचं. तवा दोनदा तापवायचा नाही. सकाळीच दोन्ही वेळच्या भाकऱ्या. मागच्या पातेल्यावर झाकण, झाकणावर ओलं फडकं. जाळ विझल्यावर निखाऱ्यांवर तोंड झाकून डाळ ठेवायची, ती आपसूक शिजायची. दोघींच्या हातांचे आवाज भिंतीपलीकडे ऐकू येत. मधूनच कडूबाई म्हणे, “तुज्या हातची भाकरी लई जाड,” आणि चांगुणा म्हणे, “तुमच्या नवऱ्याला तीच लागती, चार खातो.” पाण्याच्या बांधाचा विषय निघाला तो याच ओघात, आणि कधी मिटला ते मला कळलं नाही. चांगुणा रोज खडीवर जायला लागली. माळावरची फेरी बंद झाल्यामुळे ती उजेडात घरी यायची. तिच्या हाताचे फोड सुकायला लागले.

नवव्या सकाळी भिमाजी कुऱ्हाड घेऊन अंगणात आला. त्याच्या मागे आळीतल्या अकरा घरांपैकी बहुतेकांची माणसं. मोळ्यांच्या जागी ओंजळभर पाला होता आणि त्यावर काटक्यांचा एक जुडगा, हाताच्या कवेत मावेल एवढा. भिमाजी उकिडवा बसला. जुडगा उचलून हातात तोलला, काटक्या एकेक करून वर-खाली केल्या. कोणी माळावरून चोरून आणल्या नाहीत ना, हे बघत असावा. मग त्यानं बायकोकडे पाहिलं.

“तू रोज पोटभर जेवली?”

“जेवले की. तुमाला तरी एक दिस उपाशी ठेवलं का मी?” कडूबाई म्हणाली.

तो उठला. बांधाकडे न जाता स्वतःच्या घरात शिरला, आणि थोड्या वेळानं आतून दणके ऐकू आले. कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट अंगानं, तुंब्यानं, त्यानं आपल्या स्वयंपाकघराची भिंत फोडली होती. भोकातून त्याचं डोकं दिसलं, केस मातीनं भरलेले.

“गुरुजी, गाडगं बसंल का एवढ्यात? का अजून पाडू?”

“बसेल,” मी म्हणालो. या खेपेला आवाज सगळ्यांना ऐकू गेला असावा, कारण लोक माझ्याकडे वळले.

“पन चूल एका दिशी एकाच घरची पेटंल,” कडूबाईनं नवऱ्याला भोकातूनच सांगितलं. “आज त्यांची, उद्या आपली.”

वैशाख संपेपर्यंत वरच्या आळीत घरांच्या अशा पाच जोड्या झाल्या. अकरावं घर साळूबाईचं, एकटीचं. तिला दोन जोड्यांनी ओढून घेतलं आणि त्यावरून भांडल्या. धुराड्यांपायी वाडीतली फुटकी गाडगी संपली. रंगुबाईला दर नव्या चुलीला पहिला पोतेरा द्यायला बोलावणं येई. ती माझा हात धरून जाई, काला आपल्या बोटांनी तपासून घेई, आणि पोतेरा झाला की घरातल्या सवाष्णीला बजावी, “घाल हात. वाजल्या का? वाजल्या तर काढ खुरपं.” ओढ्यावर शेंगा गळत होत्या. चांगुणाची पोर बाभळीखाली शेळीच्या पायांशी बसलेली असे.

एका मंगळवारी मी ओट्यावर दौत-टाक घेऊन बसलो. ‘आदरणीय पुष्पावतीबाई यांस’ एवढं लिहून तासभर गेला. चांगुणानं विचारलं, “कुनाला?” मी सांगितलं. पंचांगातलं पत्र काढून वाचूनही दाखवलं, अडीच महिन्यांचे आता चार झाले होते तेही सांगितलं. मला वाटलं ती रागावेल.

“बाई तिकडं चाळीस चुली फुटल्या म्हनून झुरत आसंल,” ती म्हणाली, “आन् तुमी शाई वाळवत बसलाय.”

मग दोघी-तिघी जमल्या आणि मी नुसता लिहीत गेलो. चूल वाईट नाही. तुमची मापं बरोबर आहेत. तुम्ही निघून गेल्यावर घरोघर पोतेरा पडतो आणि वाट बुजते, आणि पोतेरा बंद करा म्हणाल तर बायका चूल बंद करतील. तेव्हा बोटांचं माप देऊ नका. बांगड्या भरलेला हात रोज सकाळी आत घालायला सांगा. विधवेला एकटीनं बघू देऊ नका, तिच्या सोबत शेजारीण बसवा. शेजारीण बसली की जळण आणखी कमी लागतं. ते का, हे आम्हाला नीट सांगता येत नाही, तुम्ही येऊन बघा. रंगुबाई म्हणाली, “माजं नाव लिव्ह. माज्यामुळं बुजली हे बी लिव्ह.” मी लिहिलं, आणि त्याखाली, मला चौथ्या दिवसापासून शंका यायला हवी होती आणि सहाव्या दिवशी कळूनही मी अर्धी मोळी गप्प बसलो, हेही लिहिलं. ते वाचून दाखवलं नाही.

मिरजगावला चार मैल चालत गेलो. भिमाजी बाजाराला निघाला होता, तो बरोबर होता. टपालपेटीपुढे उभं राहून मी पत्ता तिसऱ्यांदा वाचला, भिंगारचा ‘भिं’ ठळक केला.

“बराबर हाय का?” भिमाजीनं विचारलं.

“बहुतेक.”

“मग टाका की.”

पत्र पेटीत टाकलं. तळाशी पोचल्याचा आवाज झाला, तो दोघांनीही ऐकला, आणि आम्ही गाडगी बघायला कुंभाराच्या पालाकडे वळलो.